उजव्या भिंतीतला फाटा

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला हेमांगी शिंत्रेच्या पडद्यावर सहा हजार एकशे अठरा क्रमांकाचं फुप्फुस उघडलं, आणि ते कुणाचं आहे हे तिला नाव न वाचताच कळलं. नाव वाचायची सोय तशी नव्हतीच. केंद्रात येणाऱ्या फुप्फुसांना नावं नसत. वय, वजन, आधी होऊन गेलेले आजार आणि गाठ कुठे आहे ते. बाकी सगळं झाकलेलं.

तिने खुर्ची पुढे ओढली. माणसाची श्वासनलिका छातीत उतरते आणि मधोमध तिचे दोन फाटे होतात, एक उजवा, एक डावा. या फुप्फुसात मात्र तो मोठा दुभंग यायच्या दोन बोटं आधीच उजव्या भिंतीतून एक जादा फाटा निघाला होता आणि काटकोनात वळून थेट वर गेला होता. असा फाटा शंभरात एखाद्याला असतो. तेवढ्यावरून कुणी कुणाला ओळखत नाही. पण त्या फाट्याच्या तिसऱ्या वळणावर चुन्यासारखा एक पांढरा डाग होता, लहानपणी होऊन गेलेल्या क्षयाचा. त्याच्या पुढची वाट जराशी पिळवटलेली होती. या वाटेने हेमांगी पूर्वी दोनशे वेळा तरी गेली होती.

“सर,” ती हळूच म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

हे २०४१ सालचं. हेमांगी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती आणि कोल्हापुरात उजळाईवाडीच्या रस्त्यावर असलेल्या एका केंद्रात ‘चालक’ म्हणून काम करत होती. ती डॉक्टर होती, पण सहा वर्षांत तिने एकाही रुग्णाला हात लावला नव्हता. चंदगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या अकरा रुग्णालयांत यंत्रं बसवलेली होती. तिथे रुग्णाला भूल दिली जाई, आणि त्याच्या छातीतली नळी हेमांगी इथून चालवत असे.

नळीचं प्रकरण समजायला सोपं आहे. श्वासनलिकेला फाटे फुटत जातात, त्या फाट्यांना आणखी फाटे, असे वीस-बावीस वेळा. पूर्वी डॉक्टर हाताने जी दुर्बीण घालत ती पेन्सिलीएवढी जाड असे आणि चौथ्या-पाचव्या फाट्याशी अडकून बसे. गाठ त्याच्या पलीकडे, फुप्फुसाच्या कडेला असली, की दोनच मार्ग उरत. बाहेरून बरगड्यांमधून सुई घालायची, त्यात फुप्फुसाला भोक पडायची भीती. नाहीतर तीन महिने थांबून गाठ वाढते का ते बघायचं. यंत्राची नळी पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची होती. तिच्या आत केसासारखा काचेचा तंतू होता, आणि त्यातून जाणारा प्रकाश नळी कुठे किती वाकली आहे ते क्षणाक्षणाला सांगत असे. एकदा वाकवलेली नळी मोटारी तशीच धरून ठेवत. माणसाचा हात थरथरला तरी ती थरथर टोकापर्यंत पोहोचत नसे. टोकाशी सुई, आणि त्या सुईतही प्रकाश. गाठीत शिरल्यावर चार मिनिटांत ती पेशी वाचून दाखवी. पूर्वी याच उत्तरासाठी लोक आठ-आठ दिवस जीव मुठीत धरून बसत.

नावं झाकण्याचा नियम नंतर आला. सुरुवातीला ओळखीच्या माणसांना रांगेत पुढे घेण्याचे प्रकार झाले. शिवाय आपल्या माणसाच्या छातीत नळी चालवताना चालक बिचकतो किंवा नको तेवढं धाडस करतो, हेही दिसून आलं. म्हणून चालकाला रुग्ण कोण ते कळू द्यायचं नाही, रुग्णाला चालक कोण ते कळू द्यायचं नाही. फुप्फुसावरूनच कुणी माणूस ओळखील, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं असेल. कारण पडद्याच्या कोपऱ्यात ‘परिचय’ असं एक बटण होतं. ते दाबलं की काम दुसऱ्या केंद्राकडे जाई.

डॉ. रमाकांत शेट्ये कोल्हापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात छातीच्या विभागाचे प्रमुख होते. हेमांगी त्यांची विद्यार्थिनी, मग आठ वर्षं त्यांची सहायक. दुर्बीण हातात कशी धरायची ते तिला त्यांनी शिकवलं. “ढकलायची नसते, शिंत्रे,” ते म्हणत. “श्वास आत येतो तेव्हा वाट रुंद होते. तेवढ्यात सरकायचं.” यंत्र आलं तेव्हा सगळ्यांत आधी उत्सुकता त्यांनाच होती. सरावासाठी खऱ्या माणसाच्या फुप्फुसाचा नकाशा हवा होता, तर ते स्वतः स्कॅनच्या टेबलावर जाऊन झोपले. “माझं घ्या,” म्हणाले, “त्यात चुकायला भरपूर जागा आहे.” हेमांगी नळी चालवायला शिकली ती त्याच नकाशावर.

मग एका बैठकीत हाताच्या दुर्बिणीचा विभाग ठेवायचा की बंद करायचा, हा प्रश्न निघाला. आकडे मांडायचं काम हेमांगीकडे आलं. तिने मांडले. लहान गाठींपैकी हाताने शंभरात अठ्ठावन्न सापडत, यंत्राने त्र्याण्णव. अवघड रुग्ण सगळे सर स्वतः घेत असल्यामुळे ते अठ्ठावन्न म्हणजे सरांचेच होते, आणि न सापडलेले बेचाळीसही सरांचेच. चाळीस माणसांसमोर पडद्यावर त्यांचं नाव होतं. बैठकीनंतर जिन्यात सरांनी तिला थांबवलं.

“आकडे बरोबर आहेत,” ते म्हणाले. “मला आधी दाखवायचे होतेस.”

एवढंच. महिन्याभरात ते मुदतीआधी निवृत्त झाले आणि देवरुखला आपल्या मूळ घरी जाऊन राहिले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाई म्हणत, त्याआधी तीन वर्षं गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. त्याला आता नऊ वर्षं झाली. हेमांगीने फोन केला नाही. सुरुवातीला लाज वाटली म्हणून, आणि मग इतके दिवस केला नाही तर आता कसा करायचा म्हणून.

आता सरांच्या त्या वरच्या फाट्याच्या टोकाशी नऊ मिलिमीटरची गाठ बसली होती. तीन महिन्यांपूर्वीच्या स्कॅनमध्ये ती सहाची होती. ‘परिचय’ दाबलं असतं, तर दुसऱ्या केंद्राच्या रांगेत पाच-सहा आठवडे गेले असते. तेवढ्यासाठीच आपण बटण दाबत नाही, असं हेमांगीने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं: नऊ वर्षांत पहिल्यांदा सरांच्या जवळ जायची वाट निघाली होती, आणि ती अशी होती की सरांना तिचा पत्ताही लागणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला रत्नागिरीची खोली जोडली गेली. भूल देण्याआधी तिथला माइक थोडा वेळ चालू असतो. सिस्टर मेंडोन्सांचा आवाज हेमांगीच्या रोजच्या ओळखीचा होता. दुसरा आवाज तिने नऊ वर्षांनी ऐकला. तो बारीक झाला होता.

“त्या पलीकडच्या माणसाला एक सांगा,” सर म्हणत होते. “उजवा फाटा आधीच येतो म्हणावं. खाली उतरून मग शोधत बसू नका.”

“त्यांना सगळं दिसतं, आजोबा. तुम्ही निवांत पडून राहा बघू.”

“आजोबा काय? डॉक्टर आहे मी.”

“बरं, डॉक्टर आजोबा,” सिस्टर म्हणाल्या, आणि माइक बंद झाला.

पहिलं वळण हेमांगीने एका प्रयत्नात घेतलं. डागापाशी वाट अरुंद झाली आणि यंत्राने पिवळा दिवा लावला. भुलीत फुप्फुस थोडं आवळलं जातं, जागेपणी काढलेला नकाशा तेव्हा पूर्ण जुळत नाही. ती थांबली. श्वास मोजत राहिली. अकरावा श्वास आत आला तेव्हा वाट केसभर रुंद झाली आणि नळी सरकली. सुई गाठीत गेली. चार मिनिटं ती नुसती बसून होती. पडद्यावर उत्तर आलं: कर्करोग, पहिला टप्पा, पसरल्याचं चिन्ह नाही.

एरवी चालकाचं काम इथे संपे. निकाल आपोआप रुग्णाच्या फोनवर जाई, दोन दिवसांनी, समितीने ठरवलेल्या शब्दांत आणि एका मवाळ बाईच्या आवाजात. “नमस्कार. आपल्या तपासणीचा निकाल तयार आहे. आपण सध्या शांत जागी बसला आहात का?” असा तो सुरू होई. शेवटी, “हा संदेश पुन्हा ऐकायचा असल्यास ‘होय’ म्हणा,” असं असे. मागच्या वर्षी एकदा नोंदी चाळताना हेमांगीला एक रुग्ण दिसला होता. त्याने तो संदेश एका दिवसात एक्केचाळीस वेळा ऐकला होता. यंत्राने त्यापुढे ‘नेटवर्कची अडचण असावी’ असा शेरा मारला होता. हेमांगीला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, आणि मग ती ते विसरली होती.

तिने डोळ्यांसमोर आणलं: देवरुखचं घर, एकटे सर, आणि ‘होय’ म्हणणारा तो बारीक झालेला आवाज. ती उठली आणि केंद्राचे प्रमुख उदय निकम यांच्याकडे गेली.

नियमांत एक तरतूद होती, कुणी न वापरलेली. रुग्णाच्या ओळखीच्या माणसाला आपलं नाव नोंदवून निकाल स्वतः जाऊन सांगता येई. मग संदेश थांबवला जाई. निकमांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

“म्हणजे परवा नकाशा बघितला तेव्हाच तुम्ही ओळखलंत.”

“हो.”

“आणि बटण दाबलं नाही.”

“नाही.”

निकम वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं. “हे बघा मॅडम, त्याचं मी नंतर बघतो. पण अर्जाचा विचार करा. आता ती गाठ आतून जाळायची म्हणजे परत हीच नळी, हीच वाट. त्या फुप्फुसात तुमच्याइतकं सराईत आख्ख्या राज्यात कुणी नाही. तुम्ही गप्प राहिलात तर सहा आठवड्यांनी ते काम फिरून तुमच्याकडेच येईल. पण या कागदावर सही केलीत की तुम्ही परिचित. परिचिताला त्या रुग्णाची नळी पुन्हा धरता येत नाही. मग दुसरा कुणीतरी जाळणार.”

“कोण?”

“ते मलाही कळणार नाही. तोच तर नियम आहे.”

हेमांगीने तो कागद जवळ ओढला. गप्प राहिलं तर सरांना आपले हात मिळतील, गेलं तर आपण स्वतः मिळू. दोन्ही एकदम नाही. त्यांना काय जास्त उपयोगाचं, हे तिला कळत होतं. तरी तिने सही केली. नंतर कितीतरी वेळा तिने स्वतःला विचारलं, की ती सही सरांसाठी होती की आपल्यासाठी.

शनिवारी सकाळच्या एसटीने ती निघाली. आंबा घाटात धुकं होतं आणि विजेवरची गाडी आवाज न करता वळणं घेत होती. साखरप्याला ती उतरली, गाडी बदलली. देवरुखात चौकातल्या एका बाईला विचारलं तर तिने पटकन घर दाखवलं, “शेट्येडॉक्टर? ते काय, पोफळींच्या पलीकडे. कुणाकडे जात नाहीत, कुणी जात नाही.”

सरांनी दार उघडलं. अंगात बनियन, हातात सुपारी कातरायचा अडकित्ता. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि लगेच ते निघून गेलं.

“म्हणजे कर्करोग आहे तर,” ते म्हणाले. “आत ये.”

ओसरीवर एकच खुर्ची होती. सर झोपाळ्यावर बसले. एका डॉक्टरने दुसऱ्याला सांगावं तसं तिने सगळं सांगितलं: पेशींचा प्रकार, गाठीचा आकार, टप्पा. जुन्या क्षयामुळे वरचा भाग कापून काढणं झेपणार नाही, म्हणून आतून जाळायचं. सर मधूनमधून मान डोलावत होते, जणू दुसऱ्याच कुणा रुग्णाबद्दल चाललं होतं.

“चालवलं कुणी?”

“मी.”

आता त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “वरचं वळण?”

“एका प्रयत्नात.”

“डागापाशी?”

“थांबले. अकरा श्वास.”

सरांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. “मग जाळायलाही तूच असशील.”

“नाही सर. मी इथे आले म्हणजे परिचित झाले. आता दुसरं कुणीतरी करणार.”

झोपाळा थांबला.

“मग आलीस कशाला?”

वाटेत घाटभर तिने या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. ते सगळं तिने बाजूला ठेवलं. “मागच्या वेळी आधी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली, “म्हणून.”

सर उठले आणि आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. हेमांगी ओसरीवर एकटी बसून राहिली. आपण उठून जावं की काय, असं तिला वाटू लागलं. वीसेक मिनिटांनी सर बाहेर आले, पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “तू चूक केलीस, शिंत्रे. तुझ्या जागी मी असतो तर आलो नसतो. यंत्रावर थांबलो असतो.”

“माहीत आहे.”

“परतीची गाडी?”

“सव्वाचारला.”

“पुढच्या रविवारी ये,” सर म्हणाले. “ते जाळण्याचं प्रकरण मला नीट समजून घ्यायचंय. अनोळखी माणूस काय करणार आहे ते आपल्याला आधी माहीत असलेलं बरं.”

परिचय लपवल्याबद्दल हेमांगीला दोन महिने कामावरून दूर ठेवण्यात आलं. त्यामुळे ती रविवारची वाट न बघता मधल्या वारीही जाऊ लागली. सर फारसं बोलत नसत. ती नकाशा घेऊन जाई, ते दोघं ओसरीवर बसून एकेक वळण बघत. सरांना प्रेमाने वागवून घ्यायची सवय नव्हती. तिने औषधाचा डबा लावून दिला, तर त्यांनी तो पुन्हा आपल्या पद्धतीने लावला. पण तिसऱ्या खेपेला ओसरीवर दुसरी खुर्ची आली होती.

सहा आठवड्यांनी रत्नागिरीला दिवस ठरला. हेमांगी सरांबरोबर गेली. ज्या खोलीत ती सहा वर्षं आवाजाने वावरली होती तिथे ती पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. खोली तिला वाटत आली होती त्यापेक्षा लहान निघाली, आणि खूप थंड. सिस्टर मेंडोन्सांनी तिचा आवाज ऐकताच वळून पाहिलं. “अगोबाई! तुम्ही होय त्या?” म्हणाल्या, आणि नियमाविरुद्ध तिला एक स्टूल दिलं. भूल चढेपर्यंत सरांचा हात हेमांगीच्या हातात होता. त्यांनी तो दिला नव्हता. तिने घेतला होता, आणि त्यांनी काढून घेतला नव्हता.

नळी आत गेली. छोट्या पडद्यावर हेमांगी बघत राहिली. पलीकडचा माणूस चांगला चालक होता. वळण त्याला तीन प्रयत्नांत जमलं, डागापाशीही तो घाईला आला नाही. नळीतून बारीक तार गाठीत गेली. या तारेतून सूक्ष्मलहरी सोडतात. पेशींमधलं पाणी तापतं आणि गाठ जागच्या जागी शिजून मरते. मात्र नुसती गाठ जळून भागत नाही, तिच्याभोवतीचं पाच मिलिमीटरचं कडंही जळावं लागतं. आणि इथेच हेमांगीला अडचण दिसली. गाठीच्या मागच्या अंगाला एक रक्तवाहिनी चिकटून गेली होती. वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, तापलेल्या तव्यावर धार धरावी तसं. समोरून तार घातली, तर मागची ती कड थंड राहण्याचा संभव होता. पिळवटलेल्या वाटेला मागच्या बाजूने एक पोटफाटा होता. तिथून तार घातली असती, तर उष्णता आधी त्या कडेलाच पोहोचली असती.

“सिस्टर,” ती पुटपुटली, “त्यांना विचारा, मागच्या पोटफाट्याने जाणार का?”

माइकवर फक्त सिस्टरनाच बोलायची मुभा होती. त्यांनी विचारलं. पलीकडून एका तरुण पुरुषाचा सभ्य आवाज आला, “नकाशा पूर्ण हिरवा दाखवतोय, सिस्टर. त्या पोटफाट्यात फुप्फुस फाटण्याचा धोका जास्त आहे. धन्यवाद.”

तोही चुकीचं बोलत नव्हता. धोका होताच. हेमांगीने तो पत्करला असता, कारण ती वाट कुठे लवते हे तिला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. ती स्टुलावरून उठली, मग पुन्हा बसली. दहा मिनिटं तार तापत राहिली. पडद्यावर सगळं हिरवं होतं.

सर दुसऱ्या दिवशी घरी आले. पहिले दोन स्कॅन स्वच्छ निघाले. हेमांगी कामावर परतली, आणि दर रविवारी देवरुखला जात राहिली. त्या कडेबद्दल ती सरांशी बोलली नाही. सर तिला कुळथाचं पिठलं करायला शिकवत, पेपर वाचून दाखवायला लावत, तिच्या उच्चारांच्या चुका काढत. एकदा तिने विचारलं, “सर, इथे एकटं वाटत नाही?” तर म्हणाले, “वाटतं की. तुला तिकडे नाही वाटत?” तिने पेपर पुढे वाचायला घेतला. कोल्हापुरातल्या घरी सोमवार ते शनिवार तिच्याशी कुणी बोलत नसे, हे तिला तोपर्यंत शब्दांत मांडायची वेळ आली नव्हती.

जाळल्यानंतरच्या अकराव्या महिन्यातला स्कॅन सरांनी तिच्या आधीच उघडून ठेवला होता. ती ओसरीवर आली तेव्हा पडदा त्यांच्या मांडीवर होता.

“बघ,” ते म्हणाले. “काय दिसतं ते सांग.”

तिने बघितलं. जळलेल्या डागाच्या मागच्या कडेने, रक्तवाहिनीला धरून, नवी गाठ वाढली होती. या वेळी ती एकटी नव्हती. छातीच्या मधल्या भागातही दोन ठिपके होते.

“परत आलाय,” ती म्हणाली. “मागच्या कडेने. आणि मध्ये पसरलाय.”

“त्या दिवशी तुला दिसलं होतं?”

खोटं बोलावं असं तिला क्षणभर फार वाटलं. “हो.”

“सांगितलंस?”

“सिस्टरमार्फत. त्याने ऐकलं नाही. त्याचंही बरोबर होतं.”

“तू असतीस तर?”

“पोटफाट्याने गेले असते.”

सरांनी पडदा बाजूला ठेवला. पोफळींच्या बागेत कुठेतरी पंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

“म्हणजे तू आली नसतीस,” ते सावकाश म्हणाले, “तर मी कदाचित वाचलो असतो.”

“कदाचित.”

तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. ते आलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती सरांकडे बघत होती, परीक्षेत नापास झाल्याचं ऐकून एखादी मुलगी उभी राहावी तशी. सर झोपाळ्यावरून उठले. गुडघ्यावर हात टेकून उठायला त्यांना आता वेळ लागे. दारात गेल्यावर ते वळले.

“भात लावलाय दोघांचा,” ते म्हणाले. “जेवून घेऊ.”

जेवताना ते तिला तिच्या आठवड्यातल्या कामाबद्दल विचारत राहिले. तिने गगनबावड्याच्या एका फुप्फुसाची हकीगत सांगितली. त्यांनी दोनदा तिला मध्येच थांबवून वळणांचा कोन विचारला. भात उरला तो त्यांनी तिच्या पानात वाढला. त्या घरातला तो सगळ्यांत बोलका दिवस होता.

त्यानंतर सर चार महिने जगले. शेवटचे काही आठवडे ते रत्नागिरीला, सिस्टर मेंडोन्सांच्या वॉर्डात होते, आणि हेमांगी रविवारी तिथे जाई. गेले ते गुरुवारी, सकाळी अकराला. त्या वेळी हेमांगी यंत्रावर होती. चालकाच्या खोलीत फोन नेता येत नाही. कुणा अनोळखी माणसाच्या डाव्या फुप्फुसातली सुपारीएवढी गाठ तिने शोधली, सुई घातली, चार मिनिटं थांबली. गाठ साधी निघाली. ती बाहेर आली तेव्हा एक वाजला होता, आणि फोनवर सिस्टरांचे पाच फोन येऊन गेले होते.

तिने लावला. सिस्टर म्हणाल्या, “झोपेतच गेले हो. त्रास काही झाला नाही. पुढचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही या सावकाश. तेवढं त्यांच्या माणसांना कळवा.”

“हो,” हेमांगी म्हणाली. “कळवते.”

कॉरिडॉरच्या खिडकीपाशी ती फोन हातात घेऊन उभी राहिली. कुणाला कळवायचं, याचा ती विचार करू लागली. सरांना भाऊबहीण नव्हते. बाईंच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. रुग्णालयातले जुने लोक पांगले होते. नातलगांच्या रकान्यात सरांनी एकच नाव लिहिलं होतं, आणि त्या माणसाला आत्ताच कळलं होतं.

निकमांनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. “मॅडम, दीडचं फुप्फुस आलंय. उघडू का?”

“दुसऱ्या कुणाकडे द्या,” ती म्हणाली. “मला रत्नागिरीला जायचंय.”

“कुणी आहे का बरोबर?”

“नाही,” हेमांगी म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकून जिना उतरू लागली.